लॉरेन्सच्या नावाचा रोडगा

खंडारे सर गेले त्या दिवशी आमच्या शाळेच्या आजी-माजी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर शोकसंदेश आला. त्यात त्यांचे नाव 'एल. डी. खंडारे सर' असे लिहिले होते. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मीही हात जोडले आणि फोन बाजूला ठेवला. मग मनाला टोचणी लागली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ही दोन आद्याक्षरे एकदाही चालवून घेतली नाहीत, तो आता उलटून बोलू शकत नाही हे पाहून आम्ही ती त्याला चिकटवून टाकली होती. ते असते तर नेहमीचेच वाक्य ऐकायला मिळाले असते : "नाव वाकडं घ्या, पन मह्यंच घ्या."

म्हणून आरंभीच सरळ लिहितो. त्यांचे नाव लॉरेन्स होते. लॉरेन्स दाऊद खंडारे. जन्म जऊळक्याचा. वडील रेल्वेत गँगमन, आई एका मिशनच्या दवाखान्यात आया. नोकरीची सारी वर्षे मात्र वाशीमजवळच्या मालेगावात, आमच्या शाळेत, व्यायामशिक्षक म्हणून गेली. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. माझा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, त्यांचा मैदानावरून बसस्थानकापर्यंत जाणारा; पण शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

बुटका, भरीव माणूस. गळ्यात शिट्टी, आणि डावी भुवई कायम अर्धी. ती अर्धी का, हे पुढे येईलच. मैदानावर ते अनवाणी चालत, अगदी एप्रिलमध्येही. कोणी हळहळले तर म्हणत, "मह्या नावाच्या मानसाले तापल्या जमिनीचं भेव शोभते काय?"

एका जूनमध्ये आमच्याकडे नवे मुख्याध्यापक आले. त्र्यंबकराव त्यांचे नाव. माणूस सज्जन, पण सगळे सुटसुटीत असावे अशी आवड. त्यांनी वेळापत्रकावर 'एल. डी. सर' असे लिहून भिंतीवर लावले. सरांनी ते वाचले आणि सगळ्यांच्या देखत नम्रपणे विचारले,

"साहेब, हे कोन गृहस्थ नवीन आले?"

"अहो, तुम्हीच ते. मुलांना तुमचं नाव जड जातं, म्हणून म्हटलं..."

"जड?" सरांची उरलेली भुवई वर गेली. "साहेब, तुमच्या नावात तीन अक्षरं एकामेकाच्या उरावर बसून राह्यली. तरी आमी पोट्ट्यायले तुमचं नाव शिकवलंच ना? मह्यं तर मोकळं-ढाकळं हाये बाप्पा, बसाले जागा हाये त्यात."

त्र्यंबकराव आधी लालबुंद झाले, मग हसले, आणि वेळापत्रक बदलले. पाचवीत येणाऱ्या नव्या मुलांना सर मैदानावर उभे करत आणि प्रत्येकाला आपले नाव घ्यायला लावत. कोणी लारन म्हणे, कोणी लॉरेस, एकाने तर लॉरी म्हटले. सर प्रत्येकाला टाच जुळवून सलाम ठोकत. उच्चार कसाही असो, त्याबद्दल ते कधी रागावले नाहीत. नाव टाळलेले मात्र त्यांना मुळीच खपत नसे.

नावाचा अर्थ ते विचारल्याशिवायही सांगत. परदेशात लॉरेल म्हणून एक झाड असते. शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर त्याच्या पानांचा मुकुट घालत. तो मुकुट ज्याच्या माथी, तो लॉरेन्स. व्यायामशिक्षकाला याहून नेमके नाव कोणते मिळणार? ते झाड आपल्याकडे नाही. पण आपल्या मसाल्यातले तेजपान त्याच्याच गोताचे, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे मधल्या सुट्टीत कोणाच्या भाजीत तेजपान निघाले की तो डबा आपोआप सरांकडे सरकवला जाई. ते पान निथळून सर टकलावर ठेवत आणि तसेच जेवत. आम्ही हसायचो. तेही हसायचे; पण पान मात्र जेवण संपेपर्यंत उतरवायचे नाहीत.

स्वभावाची गोष्ट निराळी. त्यांच्या आईची, रूथबाईंची, अशी ठाम समजूत होती की ज्या संताचे नाव ठेवावे त्याचा स्वभाव नावाबरोबर लेकरात उतरतो. "मायनं मह्या संताची सोयरिकीसारखी चौकशी केली," सर सांगत. "घरचा कसा, बोलाले कसा, मरताना कसा. मंगच नाव ठेवलं."

मरताना कसा, हे मी प्रथम मारुतीच्या देवळाभोवतीच्या रानात ऐकले.

आमच्याकडे रब्बी निघाली की गावोगावी रानात रोडग्यांचे जेवण होते. कणकेच्या पोळ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्यांचा गोळा मिटवायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचा. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि पळसाची पत्रावळ. त्या निखाऱ्यांना आमच्याकडे आर म्हणतात. रोडग्याचे सारे यश आरावर बसणाऱ्याच्या हाती. लवकर पलटवला तर आत कच्चा, उशिरा पलटवला तर बाहेर कोळसा. म्हणून मारुतीच्या रानातल्या जेवणात एक रीत आहे : पहिला रोडगा फोडताना मारुतीकडे तोंड करून, तो आरावर बसलेल्याच्या नावाचा म्हणून मोठ्याने हाक द्यायची. ती हाक झाल्याशिवाय पंगतीत कोणी घास मोडत नाही.

त्या काळी हे सारे महादूआजांच्या हाती असे. ते देवळाचे जुने कारभारी. वाकलेले, पण जीभ ताठ. त्यांनी सरांना जवळ बसवून विचारले, "काहो मास्तर, हे लॉरेन्स म्हंजे कोन देव?"

"देव नाई आजा, संत. रोमच्या बादशहानं त्याले लोखंडाच्या जाळीवर टाकलं. खाली आर."

"बाप रे! जित्ता?"

"जित्ता. अन् हा बहाद्दर भाजता भाजता बादशहाले म्हने, या अंगानं झालो, आता पलटवा."

महादूआजांना असा काही हसण्याचा आणि खोकल्याचा उमाळा आला की दोघांना पाठ चोळावी लागली. डोळे पुसून ते म्हणाले, "अरे, कवा पलटवाचं हे ज्याच्या संताले मरतानाबी समजत होतं, त्याले तुमी भाजी चिराले बसवलं? उठा मास्तर. तुमची जागा तथी हाये."

अशा रीतीने एका वारकरी शेतकऱ्याने, एका ख्रिस्ती संताच्या हवाल्याने, आरावरची जागा लॉरेन्स खंडारे यांना दिली. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या रानात हाक उठे : "लॉरेन्स सरांच्या नावाचा!" आणि तेव्हापासूनच ती भुवई अर्धी झाली, कारण निखाऱ्यावर नको तितके वाकून पाहण्याची त्यांना खोड होती.

संताची दुसरी अर्धी गोष्ट आम्हाला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांमुळे कळली. एकदा ते शाळा पाहायला आले आणि सरांना म्हणाले, "खंडारे, क्रीडा विभागाची कमाई दाखवा जरा." त्यांना ढाली आणि चषक अभिप्रेत होते. आमच्याकडे एक कपाट होते, त्यात एक दोरी होती. सर म्हणाले, "आनतो," आणि मैदानावरून चार मुले घेऊन आले. एक, लहानपणीच्या आजाराने पाय बारीक झालेला मुलगा. मैदानावरच्या रेषा तोच आखी. दोघे वीटभट्टीवरचे भाऊ, ज्यांना सर दर दिवाळीनंतर घरी जाऊन पुन्हा शाळेत आणत. आणि एक मुलगी, जिचे लग्न कोवळ्या वयातच ठरले होते आणि मोडले होते. ते कोणी मोडवले हे गावाला ठाऊक होते.

"हे घ्या साहेब. कमाई."

"ढाली कुठे आहेत?"

"ढाली दुकानात भेटतात."

अध्यक्ष चहा न घेता गेले. त्या वर्षी खेळाचे सामान आले नाही. मुले चिंध्यांच्या चेंडूने खेळली. मी हळूच म्हटले, "सर, जरा सबुरीनं घेतलं असतं तर..." तेव्हा त्यांनी सांगितले की बादशहाने लॉरेन्सकडे देवळाचा खजिना मागितला होता आणि त्याने गावातले आंधळे-पांगळे-निराधार समोर आणून उभे केले होते. "त्याले त्यापायी भाजलं. मह्ये फक्त चेंडू गेले. सस्तात सुटलो ना गड्या?"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती लिहिताना माझी लेखणी जड होते. पण तीच गाळली तर हे चित्र खोटे ठरेल.

महादूआजा गेले. सर निवृत्त झाले. देवळाची समिती तरुणांकडे आली. ही मुले वाईट नव्हती. त्यांतली निम्मी सरांच्याच शिट्टीवर धावलेली होती. पण आदल्या वर्षी कोणीतरी पहिल्या रोडग्याचे चित्रीकरण करून फोनवर फिरवले होते आणि त्याखाली कुठल्या तरी परगावच्या माणसाने विचारले होते : मारुतीच्या रानात हे कोणते नाव? त्या एका प्रश्नाने समितीला घाम फुटला. बैठक झाली. सरांना काढावे असे कोणीच म्हणाले नाही. तोडगा असा निघाला की आरावर सरच बसतील. हाक मात्र 'मास्तरांच्या नावाचा' अशी द्यायची, आणि फ्लेक्सवरही 'मास्तर' एवढेच लिहायचे. हे सांगायला मऊ बोलणारा माणूस हवा, म्हणून मला धाडले. खरे सांगायचे तर मला तो तोडगा शहाणपणाचा वाटला होता.

सर अंगणात टिनाच्या छपराखाली गोवऱ्या रचत होते. मी शब्द शोधून शोधून सांगितले. त्यांनी हातातली गोवरी नीट बसवली.

"वानखडे, तू कोन?"

"म्हणजे?"

"मास्तर हायेस ना? मीबी मास्तर. तो कुलकर्नीबी मास्तर. मंग तो रोडगा कोनाचा?"

"सर, गावाला माहीतच आहे हो. शब्दाचाच काय तो प्रश्न."

"शब्दाचाच हाये तर त्याईले तो कायले जड चालला?" ते उठले. "अन् तूबी. एवढी वर्सं बाजूले बसला. कधी घेतलं काय मह्यं नाव?"

"तुम्ही वयानं मोठे. नावानं कसं..."

"लॉरेन्स सर म्हनता येत होतं. पोट्टे म्हनत. तू नुसतं सर. सर म्हनलं का कोनालेच काही पत्ता लागत नाई. सोयीचं पडते." हे ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच ते माझ्यात रुतून बसले. मी पुष्कळ आठवून पाहिले. ते म्हणत होते ते खरे होते.

मग त्यांनी निरोप दिला. "सांग समितीले. हात घ्याचा अन् नाव सोडाचं, असा सौदा नाई होत. नाव नाई तर हातबी नाई. पन जेवाले येतो मी. आवतन साऱ्या गावाले असते. मी गावातच मोडतो."

आणि ते आले. पांढरा कडक सदरा घालून, पंगतीत, देवळासमोरच्या पहिल्या रांगेत बसले. आरावर गजानन होता. ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान चालवणारा, सरांचा विद्यार्थी. दरवर्षी त्यांच्या शेजारी बसून शिकलेला. लोक चुळबुळत होते. काही जणांना वाटत असावे, रोडगे कच्चे निघतील आणि सारे आपोआप मिटेल. मीही, देव मला क्षमा करो, तीच आशा धरून होतो. पण रोडगे उत्तम झाले होते. गजाननने पहिला फोडला तेव्हा त्यातून अशी वाफ निघाली की मागच्या रांगेतल्या बाया "वा रे पोट्ट्या" म्हणाल्या.

गजाननने मारुतीकडे तोंड केले. समितीकडे पाहिले नाही. छाती भरून ओरडला,

"लॉरेन्स सरांच्या नावाचा!"

मागून कोणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली. माझे डोळे भरून आले. मला वाटले, झाले, न्याय झाला. तेवढ्यात सर गुडघ्यावर हात टेकून उठले.

"गजानन! हा रोडगा भाजला कोनं?"

"मी, सर."

"मंग नाव कोनाचं?"

"तुमीच तर शिकवलं, सर."

"शिकवलं म्हून काय झालं? आरावर मी नाई बसलो. चटके तुले बसले. न बसता भेटलेलं नाव मले नको. दयेचं त नकोच नको." त्यांचा आवाज मैदानावरचा झाला. "रीत हाये ना? मंग रीतीनं चालू द्या. तुह्यं नाव घे. मोठ्यानं घे, लाजू नको."

गजाननचे तोंड रडवेले झाले. पण शिट्टीवर वाढलेला पोरगा तो. त्याने पुन्हा देवाकडे तोंड केले आणि आपलेच नाव घेतले. सर म्हणाले, "शाब्बास. आता वाढा." पण ते लगेच बसले नाहीत. पंगतीकडे वळून म्हणाले,

"अन् आईका सारे. श्रावनात, ऑगस्टच्या दहा तारखेले मह्या संताचा दिवस असते. मह्या अंगनात रोडगे हायेत. आरावर मी बसनार अन् हाकबी मह्याच नावाची होनार. ज्याले नाव चालते त्यानं या. ज्याले नाई चालत त्यानंबी या. त्याच्यासाठी जरासं मोठ्यानं घेऊ."

मग ते बसले आणि गजाननच्या नावाचा रोडगा दोन वेळा मागून खाल्ला.

हा दिवस ते पूर्वीही पाळत; चार-दोन ख्रिस्ती घरे, मी, गजानन, एवढेच. पावसात गोवऱ्या कोरड्या राहाव्यात म्हणून चैत्रापासून त्यांची ताडपत्रीखाली राखण चाले. त्या वर्षी मात्र अंगणात मांडव घालावा लागला. सारा गाव आला असे लिहिले तर ते खोटे होईल. पुष्कळ आले, पुष्कळ आले नाहीत. समितीचा अध्यक्ष आला नाही. त्याची आई आली, आणि तुपाची बरणी घेऊन आली. पहिल्या रांगेत सरांनी बसस्थानकावर उदबत्त्या विकणारे आंधळे दगडूबुवा बसवले होते, शेजारी तो बारीक पायाचा मुलगा, जो आता बाप्या झाला होता, आणि त्याची दोन लेकरे. 'खजिना' असे कोणी म्हणाले नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले.

गजानन सारखा आराकडे सरकत होता. सर त्याला चिमट्याने हाकलत होते. "आज हे मह्यं हाये. तू पानी वाढ."

पाऊस जोरात होता. टिनावर त्याचा नुसता ताशा वाजत होता. पहिला रोडगा निघाला. सरांनी फडक्याने राख झटकली आणि तो माझ्या हातात दिला.

"वानखडे, फोड. हाक तू दे."

मी फोडला. बोटे भाजली. म्हटले, "लॉरेन्स सरांच्या नावाचा."

"आईकू नाई आलं."

"टिनावर पाऊस आहे, सर."

"पाऊस त्याचं काम करून राह्यला. तू तुह्यं कर."

कोणी हसले नाही. पत्रावळींवरचे हात थांबलेले होते. हाक झाल्याशिवाय घास मोडायचा नाही, ही रीत त्या अंगणातही होती. मी दोन्ही हातांत तो फुटलेला रोडगा घेऊन मांडवाबाहेर आलो, अंगण ओलांडले आणि फाटक उघडून रस्त्यावर उभा राहिलो. समोर वाशीमकडे जाणाऱ्या गाड्या पाणी उडवत चालल्या होत्या. इतकी वर्षे मी या आवाजात मुलांना कविता शिकवल्या आहेत. तो कधी वर्गाच्या दारापलीकडे गेला नव्हता.

"लॉरेन्सच्या नावाचा!"

आवाज फाटला. एका मोटारसायकलवाल्याने गाडी थांबवली, पाऊस चुकवायची टोपी मागे सारली आणि विचारले, "कोनाच्या म्हनलं, भाऊ?"

मी त्याला पुन्हा सांगितले, तेवढ्याच मोठ्याने. आणि आत या म्हटले. तो आला.

त्यानंतर सर मला दिसले नाहीत असे नाही. पण माझ्यापुरते त्यांचे शेवटचे दर्शन ते. मी वळलो तेव्हा मांडवात पंगत जेवू लागली होती, तुपाची बरणी फिरत होती आणि छपराखाली धुरात सर आरावर नको तितके वाकले होते. हाक पोचली की नाही हे त्यांनी सांगितले नाही. वर पाहिलेसुद्धा नाही. चिमट्याने एक रोडगा टोचला, क्षणभर थांबले, आणि पलटवला.